फॉरमॅट मारण्याआधी

संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे कुठलीही तक्रार घेऊन जा, तिसऱ्या वाक्याला तो विचारतो, ‘फॉरमॅट मारून देऊ का?’ धड्यांचं सॉफ्टवेअर उघडता उघडता बंद पडतंय? फॉरमॅट. व्हिडिओ लावला की पडदा काळा होतोय? फॉरमॅट. त्याने कधी कधी गुणही येतो. पण का आला हे ना त्याला कळतं ना आपल्याला, आणि दोन महिन्यांनी तेच दुखणं वर आलं की पुन्हा त्याच दुकानाची पायरी. मधल्या मध्ये शिक्षकाने जमवलेले फोटो, याद्या, प्रश्नपत्रिका गेलेल्या असतात, त्याचा हिशेब कुणीच लावत नाही.

इंटरनेटशिवाय, आपल्याच संगणकावर चालणारी चित्र-आवाज-व्हिडिओची सॉफ्टवेअर का कोलमडतात आणि कारण कसं शोधायचं, एवढाच इथला विषय. विषय अरुंद वाटेल, पण सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकाला तसा वाटणार नाही. जून २०१५ मध्ये राज्य सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आणला आणि त्याच्या आगेमागे जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाटच आली. लोकवर्गणी झाली, प्रोजेक्टर आले, कुणी दान केलेले जुने संगणक आले. नेट मात्र बेभरवशाचं. त्यामुळे धडे आले ते पेन ड्राइव्हवर: एक फोल्डर, त्यात एक फाइल, तिच्यावर डबल क्लिक केलं की कविता, गाणी, चित्रं, स्वाध्याय सगळं सुरू. काही कंपन्यांनी विकलेले, बरेचसे शिक्षकांनीच रात्री जागून बनवलेले. बनवणाऱ्याच्या संगणकावर ते झकास चालायचे. पुढच्या गावी गेले की बंद पडायचे.

कारण असा प्रोग्राम दिसतो स्वयंपूर्ण, पण असतो परावलंबी. बनवणाऱ्याच्या संगणकावर ज्या डझनभर गोष्टी आधीपासून होत्या, त्या जगात सगळीकडे असणारच असं तो धरून चालतो. व्हिडिओ उलगडणारा कोडेक, पडद्याचा ड्रायव्हर, मायक्रोसॉफ्टच्या काही सामायिक फाइली, विशिष्ट फॉन्ट, इतकंच काय, फोल्डरचं नावसुद्धा. यातलं एखादं तुमच्याकडे नसलं किंवा वेगळं असलं की तो पडतो. म्हणून पहिला प्रश्न ‘माझ्या संगणकाला काय झालं?’ असा नसतो. बनवणाऱ्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही, हे विचारायचं. चादरीवरची नक्षी एका ओळीत बिघडली म्हणून सोलापूरचा विणकर माग मोडीत काढत नाही. जकार्डवर त्या ओळीचं कार्ड कुठलं ते शोधून तेवढंच तपासतो.

तपास फोनवरही होतो, फक्त विचारणाऱ्याला विचारता आलं पाहिजे. साधारण असं बोलणं होतं:

‘सर, ते धड्याचं उघडायलंच नाही ओ.’

‘उघडत नाही म्हणजे? क्लिक केल्यावर काहीच होत नाही, का पडदा येऊन जातो?’

‘पांढरा पडदा यायलाय, अन् गप बंद पडायलंय.’

‘दर वेळी तिथंच?’

‘दर वेळी. अन् शेजारच्या वर्गात मॅडमच्या मशीनवर चालू आहे की!’

शेवटचं वाक्य तक्रारीच्या सुरात आलं, पण सगळ्यात मोलाचं तेच. दोन संगणक आहेत, फोल्डर एकच आहे, एकीकडे चालतो आणि दुसरीकडे नाही. आता कारण या दोघांमधल्या फरकातच सापडणार. त्याचबरोबर ‘दर वेळी तिथंच’ हेही कामाचं. एकाच जागी पडणारा प्रोग्राम कुठल्यातरी ठरावीक फाइलीवर किंवा सोयीवर अडखळतोय. कधी इथे तर कधी तिथे, पण साधारण अर्ध्या-पाऊण तासाने पडणारा मेमरी खाऊन संपवतोय. दर वेळी नव्याच जागी पडणारा, आणि सोबत इतर प्रोग्रामही पडत असतील, तर रॅम ढिली किंवा खराब असल्याचा संशय घ्यावा. आणि प्रोग्राम राहिला बाजूला, अख्खा संगणकच विझत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. वीज, तापमान, पॉवर सप्लाय या बाजूला वळा.

आता पुरावा. विंडोज प्रत्येक पडझडीची नोंद ठेवतं आणि ती कुणी बघत नाही. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असा पर्याय येतो. उघडल्यावर दिवसवार तक्ता दिसतो. ज्या दिवशी प्रोग्राम पडला, त्या दिवशी लाल फुली. फुलीवर क्लिक केलं की खाली प्रोग्रामचं नाव, आणि तपशिलात शिरलं की तो कुठल्या फाइलीत पडला आणि कुठल्या कोडने पडला ते लिहिलेलं असतं. याच तक्त्यात त्या दिवशी कुठला अपडेट आला, कुठलं सॉफ्टवेअर नवं बसलं हेही दिसतं. गुरुवारी ड्रायव्हर बदलला आणि गुरुवारपासूनच फुल्या सुरू झाल्या, तर वेगळी चौकशी करायला नको. जास्त खोलात जायचं असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘ॲप्लिकेशन’ या नोंदवहीत १००० क्रमांकाची नोंद शोधावी. तीच माहिती तिथे सविस्तर असते.

कोड बघून घाबरायचं कारण नाही, चार-पाचच वारंवार भेटतात. ‘सी००००००५’ म्हणजे प्रोग्रामने मेमरीच्या अशा पत्त्यावर हात घातला जो त्याचा नव्हता. हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात कमी बोलका. ‘सी००००१३५’ म्हणजे लागणारी फाइल सापडलीच नाही. ‘सी०००००७बी’ म्हणजे ३२-बिट आणि ६४-बिट यांची सरमिसळ झाली. शेवटचे दोन दिसले की निम्मं काम झालं: बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ बसवलेलं नसतं. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळतं. ६४-बिट विंडोजवरही जुन्या प्रोग्रामला ३२-बिटचं लागतं, म्हणून दोन्ही बसवावीत. ‘अमुक डीएलएल फाइल नाही’ असा निरोप आला की लोक ती सुटी फाइल कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवतात. तसं करू नये. ती फाइल चुकीच्या आवृत्तीची निघते, किंवा सोबत व्हायरस घेऊन येते.

कोडपेक्षा फाइलीचं नाव जास्त सांगतं. तिथे ‘एनटीडीएलएल’ असं दिसलं तर त्यावर विसंबू नका. ती विंडोजचीच पायाभूत फाइल आहे आणि दुसऱ्याने केलेली मोडतोड तिच्या दारात उघडकीला येते, इतकंच. पण नावाच्या सुरुवातीला ‘आयजी’ असेल तर तो बहुधा इंटेलच्या पडद्याचा ड्रायव्हर, ‘एनव्ही’ असेल तर एनव्हिडियाचा, ‘एटीआय’ असेल तर एएमडीचा. गेम बनवण्याच्या साधनांवर तयार केलेले धडे, म्हणजे फिरणारी पृथ्वी, उघडता येणारं हृदय वगैरे, पडद्याच्या चिपकडे थेट काम मागतात. इथेच फॉरमॅट मारण्यातली गंमत कळते. नव्याने विंडोज टाकलं आणि पडद्याचा ड्रायव्हर टाकायचा राहिला, तर विंडोज आपला कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. चित्र दिसतं, वर्ड चालतं, दुकानदार पैसे घेतो. पण त्या कामचलाऊ ड्रायव्हरबरोबर ‘ओपनजीएल’ या चित्रप्रणालीची फक्त १.१ ही आवृत्ती मिळते, जी नव्वदच्या दशकातली आहे. त्रिमितीय धड्याला त्याहून कितीतरी नवी हवी असते. तो उघडतो, विचारतो, नकार मिळतो, बंद होतो. म्हणजे आधी चालत असलेला धडा फॉरमॅटमुळेच बंद पडला, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एकदा फॉरमॅट! ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले ॲडॅप्टर’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक’ असं काही लिहिलेलं दिसलं, तर आधी खरा ड्रायव्हर बसवा.

आता असं एक कारण, ज्याचा उल्लेख इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तिकांत क्वचित सापडेल, पण आपल्याकडे पहिल्यांदा तपासावं. नवीन संगणक सुरू करताना विंडोज खातेदाराचं नाव विचारतं. मराठीचा अभिमान असलेले गुरुजी तिथे देवनागरीत ‘शाळा’ असं लिहितात. विंडोजला त्यात काही अडचण नाही, ते ‘युजर्स’ फोल्डरमध्ये ‘शाळा’ नावाचा फोल्डर करतं. अडचण जुन्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामला होते. युनिकोड सर्रास होण्याआधी विंडोज प्रत्येक भाषागटासाठी अक्षरांचा एक छोटा तक्ता वापरायचं, त्याला ‘कोड पेज’ म्हणतात. रशियनचा वेगळा, ग्रीकचा वेगळा, अरबीचा वेगळा. देवनागरीला प्रणालीच्या पातळीवर असा तक्ता विंडोजने कधी दिलाच नाही. मराठी-हिंदी आल्या त्या थेट युनिकोडमधून. कन्नड आणि तेलुगूचंही तसंच, म्हणजे सोलापुरात कानावर पडणाऱ्या या तिन्ही भाषांची गत एक. मग जुना प्रोग्राम जेव्हा त्या जुन्या वाटेने ‘माझा तात्पुरता फोल्डर कुठे आहे?’ असं विचारतो, तेव्हा विंडोज ‘शाळा’ ही अक्षरं तक्त्यात शोधतं, एकही सापडत नाही, आणि न सापडलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून देतं. श, काना, ळ, काना: चार चिन्हं, चार प्रश्नचिन्हं. प्रोग्रामच्या हाती पत्ता पडतो तो ‘सी ड्राइव्ह, युजर्स, ????’ असा. आणि विंडोजमध्ये फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. असा फोल्डर अस्तित्वात असूच शकत नाही.

एका फाइलीत सगळं कोंबलेले धडे इथे हमखास मार खातात. कारण डबल क्लिक केल्यावर ते आधी स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतात आणि मग चालू होतात. तो तात्पुरता फोल्डर खातेदाराच्या फोल्डरच्या पोटात असतो. पांढरा पडदा येऊन गप बंद पडण्याचं हे फार मोठं कारण आहे. खात्याचं नाव नंतर सेटिंगमध्ये बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव जुनंच राहतं. उपाय सोपा: रोमन अक्षरांत नाव देऊन दुसरं खातं तयार करा, त्यातून धडा चालवून बघा. चालला तर निदान पक्कं. पेन ड्राइव्हवरचे ‘इयत्ता चौथी’, ‘परिसर अभ्यास’ असे फोल्डरही याच कारणाने नडतात. तेव्हा धड्याचा फोल्डर रोमन नावाने थेट सी ड्राइव्हवर ठेवावा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून सगळ्या प्रोग्रामना युनिकोड द्यायचा एक पर्याय भाषेच्या सेटिंगमध्ये ‘बीटा’ या शिक्क्यानिशी आहे, पण तो चालू केला की दुसरीच जुनी सॉफ्टवेअर बिघडू शकतात. मी तरी नवं खातं काढण्याचा मार्ग घेतो. मराठी माणसाने संगणकाला मराठी नाव द्यावं आणि त्याचीच शिक्षा व्हावी, हे चीड आणणारं आहे. पण दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आहे, नाव देणाऱ्याचा नव्हे.

व्हॉट्सॲपवरून आलेली झिप फाइल हे दुसरं नेहमीचं प्रकरण. झिपवर क्लिक केलं की आतल्या फाइली दिसतात, म्हणून लोक तिथूनच धडा सुरू करतात. विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरती बाहेर काढतं. चित्रं आणि आवाज झिपमध्येच राहतात. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करायचं, मग चालवायचं. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर अशी पाच-सहा हातांतून आलेली प्रत अर्धवट उतरलेली असू शकते, तेव्हा मूळ फोल्डर आणि आपला फोल्डर यांचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहावा. शिवाय बऱ्याच पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीच्या असतात; त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही.

व्हिडिओचा घोळ वेगळा. फाइलीच्या नावाला ‘एव्हीआय’ किंवा ‘एमपी४’ असं शेपूट असलं, तरी ते फक्त बाहेरचं वेष्टन. आत व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून बसवलाय यावर सगळं अवलंबून. जुन्या सीडींमधला ‘इंडियो’ पद्धतीचा व्हिडिओ विंडोज व्हिस्टापासून मुळातच अडवला जातो. आणि नवे फोन ‘एचईव्हीसी’ पद्धतीने चित्रीकरण करतात. आयफोनवर ही पद्धत २०१७ पासून आहे. शिक्षक आपल्या नव्या फोनवर प्रयोगाचा व्हिडिओ काढतो, धड्यात घालतो, त्याच्या लॅपटॉपवर चालतो. शाळेच्या विंडोज १० वर ती पद्धत उलगडणारा कोडेक आधीपासून असेलच असं नाही. चांगला प्रोग्राम अशा वेळी ‘व्हिडिओ चालत नाही’ असं सांगेल. घाईत लिहिलेला सरळ पडेल. धड्यात घालण्याआधी व्हिडिओ ‘एच.२६४’ पद्धतीत करून घेतला की ही कटकट संपते. ‘व्हीएलसी’ प्लेअर सगळं चालवतो, कारण तो उलगडण्याची साधनं स्वतःबरोबर घेऊन फिरतो, विंडोजकडे मागत नाही. म्हणून ‘व्हीएलसीत तर चालतोय’ हा पुरावा धड्याच्या बाजूने धरता येत नाही.

मेमरीचं गणित मात्र नीट मांडून बघण्यासारखं आहे. समजा, वर्गाची नान्नजच्या माळढोक अभयारण्याला सहल गेली आणि शिक्षकाने तिचा अल्बम बनवला. फोनचा फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ४,००० आणि उभे ३,००० ठिपके. डिस्कवर तो ४ एमबी दिसतो, कारण जेपेग पद्धतीने दाबलेला आहे. पडद्यावर दाखवायचा तर पूर्ण उलगडावा लागतो, आणि तेव्हा प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. ४,००० गुणिले ३,००० गुणिले ४, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. ढोबळ ४८ एमबी. पाहून झालेला फोटो मेमरीतून काढून टाकायला प्रोग्राम विसरला, तर ४० फोटोंना १,९२० एमबी लागले. ३२-बिट प्रोग्रामला साधारणपणे २ जीबीइतकीच जागा वापरता येते, मग संगणकात रॅम ८ जीबी असो की १६. म्हणजे पस्तिसाव्या-चाळिसाव्या फोटोच्या आसपास अल्बम पडणार, आणि सगळे म्हणणार ‘रॅम वाढवा’. रॅम वाढवून काही होणार नाही. तेच फोटो पडद्याच्या मापाने, १,३६६ गुणिले ७६८ इतके छोटे केले, तर प्रत्येकाला जेमतेम ४२ लाख बाइट लागतात. अकरा पटींहून जास्त फरक. हे उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर ‘टास्क मॅनेजर’ शेजारी उघडा ठेवून फोटो पुढे सरकवत राहा. मेमरीचा आकडा चढतच राहिला, कधी खाली आलाच नाही, तर गळती पकडली. ‘डिटेल्स’ या भागात ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ नावाचा रकाना जोडता येतो. एका प्रोग्रामला त्यांची मर्यादा मुळात १०,००० असते. तिथल्या आकड्याने तिकडे चाल धरली तर बटणं आणि चित्रं आधी दिसेनाशी होतात, मग प्रोग्राम पडतो.

सोलापूरचा उन्हाळाही आरोपींच्या यादीत असतोच. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, वर्गावर पत्रे असतात आणि संगणकाचा पंखा धुळीने भरलेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या शेजारी ठेवलेल्या संगणकांत धुळीच्या जोडीला कापसाची तूस. पण तापलेला संगणक आधी मंदावतो आणि मग अख्खाच बंद होतो. एकटा धडा बंद पडून बाकी सगळं सुरळीत चालू राहत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली तर संगणक नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाला, एवढं ती सांगते. ऊन की वीज हे तुम्ही ठरवायचं. मेन बोर्डवरचा छोटा गोल सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते आणि परवान्याची मुदत तपासणारी सॉफ्टवेअर काही न बोलता बंद होतात. घड्याळ बघायला पैसे पडत नाहीत.

अँटीव्हायरस आणि परवानग्या यांच्याबद्दल थोडक्यात. ज्या फाइलीवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नाही आणि जी स्वतःला उलगडून चालू होते, ती अँटीव्हायरसला चोरासारखी दिसते. तो आतली एखादी फाइल उचलून कोठडीत टाकतो आणि धडा लंगडा होतो. कोठडीची यादी उघडून पाहावी, पण अँटीव्हायरस कायमचा बंद करू नये, शाळांच्या पेन ड्राइव्हवर खरे व्हायरसही भरपूर असतात. काही धडे मुलांचे गुण आपल्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात. तो फोल्डर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये असेल तर विंडोज लिहू देत नाही. फोल्डर दुसरीकडे हलवला की काम होतं.

फ्लॅशची गोष्ट मोठी आहे, कारण मराठीतले कितीतरी ॲनिमेटेड धडे त्यातच बनले. ॲडोबीने फ्लॅश बंद करण्याचं २०१७ मध्ये जाहीर केलं, ३१ डिसेंबर २०२० ला ते थांबवलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर स्वतःच मजकूर अडवू लागला. पण पेन ड्राइव्हवरच्या धड्यांचं काय झालं हे त्यांच्या बांधणीवर ठरलं. ज्या धड्यांच्या फाइलीत प्लेअर पोटातच बसवलेला होता, ते आजही चालतात. ज्यांनी फक्त बाहेरची चौकट स्वतःची ठेवली आणि आतला प्लेअर विंडोजकडून उसना घेतला, ते मेले. कारण मायक्रोसॉफ्टने विंडोजमधला फ्लॅश काढून टाकणारा अपडेट आणला आणि २०२१ च्या मध्यापासून तो दरमहाच्या अपडेटमध्येच घातला. कोरोनात बंद राहिलेल्या शाळा महाराष्ट्रात ४ ऑक्टोबर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने भरू लागल्या. दीड वर्षाने संगणक सुरू झाले, जिथे नेट होतं तिथे अपडेट उतरले, आणि मार्च २०२० पर्यंत चालणारे धडे रिकाम्या चौकटी दाखवू लागले. कुणी म्हणालं उंदरांनी वायर खाल्ली, कुणी म्हणालं हार्ड डिस्क गेली. रिलायबिलिटीच्या तक्त्यातल्या नोंदीत ‘फ्लॅश’ आणि शेवटी ‘ओसीएक्स’ असं नाव असलं, तर हेच कारण.

या सगळ्या कटकटीला बगल देणारी वाटही सोलापूर जिल्ह्यानेच दाखवली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी धडे संगणकावर बसवण्याऐवजी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापले. कोड फोनने वाचला की कविता, व्हिडिओ, स्वाध्याय समोर. २०१७ मध्ये राज्याने सगळ्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशी घोषणा झाली, आणि ३ डिसेंबर २०२० ला डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. तांत्रिक नजरेने पाहिलं तर यात काय झालं? बसवायचं काही उरलंच नाही, त्यामुळे न बसण्याचाही प्रश्न गेला. व्हिडिओ फोनच्या ब्राउझरमध्ये चालतो, कोडेक फोन बनवणाऱ्याने दिलेला असतो, बिघाड झाला तर दुरुस्ती एकाच ठिकाणी. मोबदल्यात नेट लागतं, आणि कोडमागचा दुवा कुणीतरी जिवंत ठेवावा लागतो. छापलेला कोड बदलता येत नाही. ज्या वाडीत रेंज येत नाही तिथे पेन ड्राइव्ह अजून लागतेच.

म्हणून धडे बनवणाऱ्या शिक्षकांना दोन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे झालं असं धरू नका. ज्यावर काहीही बसवलेलं नाही अशा एखाद्या जुन्या संगणकावर, देवनागरी नावाच्या खात्यातून, पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. फाइलींचे पत्ते ‘डी ड्राइव्ह, माझे धडे’ असे ठोकून बसवू नका, प्रोग्रामच्या शेजारच्या फोल्डरमध्ये शोधायला सांगा. दुसऱ्याच्या संगणकावर पेन ड्राइव्ह ‘एफ’ असते नाहीतर ‘जी’. लागणाऱ्या सामायिक फाइली सोबत द्या. आणि प्रोग्रामला रोजनिशी लिहायला लावा: ‘चित्र १२ उघडतोय’, ‘आवाज लावतोय’ अशा एकेक ओळी, काम करण्याच्या आधी, साध्या मजकुराच्या फाइलीत. पडल्यावर शेवटची ओळ काय होती तेवढं फोनवर विचारलं की पुरतं. तक्रार करणाऱ्यानेही ‘चालत नाही’ एवढंच न लिहिता रिलायबिलिटीच्या तपशिलाचा फोटो पाठवावा आणि विंडोज कुठलं ते सांगावं. मेमरीचा ‘डंप’, म्हणजे पडण्याच्या क्षणी मेमरीत जे होतं त्याची नक्कल, मागितला तर तो ज्याने मागितला त्यालाच द्यावा, गटात टाकू नये. त्या वेळी उघडलेली माहिती, पासवर्डसुद्धा, त्यात असू शकते.

राहिले ते धडे, ज्यांचा बनवणारा निवृत्त झाला किंवा कंपनी बंद पडली. फ्लॅशच्या सुट्या फाइली हाती असतील तर ‘रफल’ हा मोफत प्रोग्राम बऱ्याचशा चालवतो, विशेषतः जुन्या. त्यात फ्लॅशचं नव्याने केलेलं अनुकरण आहे, त्यामुळे ॲडोबीचं काही लागत नाही. नव्वदच्या दशकातल्या सीडीचं इन्स्टॉलर १६-बिट असेल तर ६४-बिट विंडोजवर ते उघडणारच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच येतं. कितीही फॉरमॅट मारलं तरी यात फरक पडायचा नाही. त्यासाठी ‘व्हर्च्युअलबॉक्स’सारख्या मोफत साधनात ३२-बिट जुनं विंडोज बसवावं, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत एक खोटा जुना संगणक. धडे त्यात एकदा नीट चालले की त्या अवस्थेचा ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवावा. बिघडलं तर मिनिटात मागे जाता येतं. त्या आतल्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट कधीच बंद झालेले असतात, म्हणून त्याची नेटवर्क जोडणी सेटिंगमधूनच काढून टाकावी.